खिचडीनंतरची दुपार

सुमनअक्का माझी थोरली बहीण. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांच्याही आधी मी तिचं नाव घेतो, आणि ते घेताना मला संकोच वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ती चढण्याआधी मी काही वर्षं अक्काच्या कडेवर होतो, आणि मला कडेवर घेता यावं म्हणून तिनं दप्तर खाली ठेवलं होतं. ते तिनं पुन्हा उचललं नाही.

दिवाळीच्या आगेमागे शहरातून कापसाचे टेम्पो धावू लागतात. जाळीतून निसटलेले पुंजके दुभाजकावरच्या झुडपांना लटकतात, विजेच्या तारांना चिकटतात, सिग्नलला थांबलेल्यांच्या हेल्मेटवर येऊन बसतात. परवा क्रांती चौकात माझ्या पुढच्या स्कूटरवरची मुलगी हात उंचावून ते पकडत होती आणि हसत होती. माझी डावी भुवई मात्र ताणली गेली. तिथं एक जुनी जखम आहे. मला कापूस कधीच मऊ वाटला नाही.

मऊ असतो तो गादीतला. झाडावरचा कापूस वाळलेल्या बोंडात रुतलेला असतो, आणि बोंड उकललं की त्याच्या प्रत्येक पाकळीला सुईसारखं टोक येतं. दिवसभर वेचणी करून आई घरी यायची तेव्हा तिच्या नखांच्या कडा सोललेल्या असायच्या. भाकरी थापताना पिठाला कुठंकुठं लाल लागायचं. त्याच हातांनी ती आम्हाला मारायची, आणि मारताना आमच्याआधी तीच "आई गं" म्हणून कळवळायची. मग त्या कळवळण्याचाही राग येऊन आणखी एक ठेवून द्यायची.

त्या मोसमात आमच्या गावात सगळेच सगळ्यांना मारत असत, असं मला आठवतं. ऊन डोक्यात जायचं. कापूस झाडावर फार दिवस ठेवता येत नाही. वारा सुटला, आभाळ आलं की गेला. त्यामुळं मालक दादांवर ओरडायचा, दादा म्हणजे आमचे वडील. दादा घरी येऊन आईवर हात टाकायचे. आई अक्काला बडवायची. अक्का मला एक चापट द्यायची. माझ्या खाली कुणी नव्हतं, म्हणून मी कोंबडीला दगड मारायचो. मार पाण्यासारखा उतार शोधत जायचा, आणि आमच्या घरात तो उतार अक्काच्या पाठीपाशी सगळ्यात खोल होता.

गावात अंगणवाडी होती. तिथल्या ताई चांगल्या होत्या, गाणी म्हणायच्या, नाक पुसायच्या. दुपारी ताटात गरम खिचडी पडायची आणि ती खाऊन झाली की दाराला बाहेरून कडी लागायची. खिचडीपर्यंत आम्ही सरकारचे, खिचडीनंतर अक्काचे. आई दिवस मावळल्यावर यायची. अक्काची शाळा संध्याकाळपर्यंत असायची. मधल्या दुपारीत साडेचार वर्षांच्या मुलाचं काय करायचं, हे सरकारनं ठरवलेलं नव्हतं. घरानं ठरवलं होतं. मधल्या सुट्टीची घंटा झाली की अक्का वर्गातून पळत सुटायची, मला कडेवर घ्यायची आणि घरी जायची. दुपारनंतरच्या तासांना काय शिकवतात, हे तिला सहावीपर्यंत कधी कळलंच नाही.

त्या वर्षी सहामाहीचा गणिताचा पेपर दुपारी आला. सकाळी चुलीपाशी झालेलं बोलणं मला अजून ऐकू येतं.

"आई, आजच्या दिस तू बघ की ह्याला. माझा पेपर हाय."

"अन् मालकाला काय सांगू? पोरीचा पेपर हाय म्हणून कापूस लटकू द्या?"

"मंग काय करू?"

"मला काय इचारती? तुझ्या पेपरला इचार."

अक्कानं मला अंगणवाडीच्या ओट्यावर बसवलं आणि दम दिला, "खिचडी खाल्ली की हितंच बसायचं. मी येईस्तोवर हललास तर तंगडी मोडीन." मी बराच वेळ बसलो. ओटा तापला. मग मी आईला शोधायला निघालो, हातात खिचडीचं रिकामं ताट.

शेताची वाट हाडकीवरून जाते. मेलेली जनावरं सोलून टाकतात ती जागा. त्या दिवशी तिथं एक बैल पडला होता आणि त्याच्याभोवती गावातली सगळी कुत्री होती, कानापर्यंत तोंडं लाल झालेली. त्यांनी आधी ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. कुत्र्याच्या श्वासाचा वास. ताट दगडावर पडल्याचा आवाज. भुवईत काहीतरी गरम घुसलं, आणि मग एका डोळ्यानं सगळं लाल दिसायला लागलं. एका गुराख्यानं काठी घेऊन त्यांना पांगवलं आणि मला खांद्यावर टाकून घरी आणलं.

दादांनी आधी आईला मारलं. "पोरगं सांभाळता येत नाय तुला?" मग त्यांना अक्का दिसली. ती शाळेतून नुकतीच आली होती, तिच्या बोटांना शाई होती. दादांनी अंगणातल्या भाऱ्यातून पऱ्हाटी ओढली. कापसाचं ओलं झाड मोडत नाही. वाकतं, आणि वाकून परत येतं. आईनं ते अडवलं नाही, उलट तिनंही हात धुऊन घेतले. अक्का पळाली नाही. तिनं दोन्ही हात कानांवर घेतले, कोपरं पोटाशी आणली आणि मान खाली घातली. पेपर ती पूर्ण सोडवून आली होती. त्यात किती मार्क पडले, हे विचारायला कुणी गेलं नाही, आणि सातवीत ती गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात माझ्या पोटात सुई खुपसली तेव्हा मला धरून ठेवायला तीच होती. सुजलेल्या हातांनी धरलं होतं.

पुढं बरीच वर्षं मला कुत्र्यांचा राग होता. मग दादांचा आला. कॉलेजात गेल्यावर आईचाही आला. आता दादा नाहीत, आई थकली आहे, आणि माझा राग उरला आहे तो दाराच्या एका कडीवर. ती संध्याकाळपर्यंत उघडी राहिली असती तर त्या घरातला मार नाहीसा झाला असता, असं मी म्हणत नाही. पण अक्काची सातवी झाली असती.

हे सगळं पुन्हा उफाळून आलं ते जुईमुळं. जुई माझी नऊ महिन्यांची लेक. माझी बायको वैशाली रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिची रजा संपली, आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत, आणि आमच्या दोन खोल्यांत तिसरं माणूस नाही. तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणं आईनं परस्पर तोड काढली. अक्काची मुलगी आरती अकरा वर्षांची आहे. तिला आणायचं. शहरात नोकरी करणाऱ्या आमच्या बहुतेक नातलगांच्या घरी अशी एखादी भाची किंवा पुतणी असते. कुणी विचारलं तर "शिकायला ठेवलीय" असं सांगतात. शाळेचं जूनमध्ये बघू म्हणतात. जून येतो आणि जातो.

अक्काच्या घरी एकच फोन आहे. तो दाजींच्या खिशात असतो आणि स्पीकरवरच बोलायचा असतो. दिवाळीत आई अक्काकडं गेली होती, तेव्हा तो तिच्या पुढ्यात धरलेला होता.

"घरातली पोर हाय," आई म्हणाली, "शहरात शिकंल बी अन् जुईला बघंल बी. परक्या बाईच्या हवाली लेकरू करण्यापरीस लई बरं."

"आमची काय हरकत नाय, पाव्हणं," दाजी म्हणाले. "पोरगी तुमचीच."

"अक्का काय म्हणते?" मी विचारलं.

थोडा वेळ भांड्यांचा आवाज आला. मग लांबून अक्का म्हणाली, "व्हय."

मी आरतीला आणायला गेलो. येताना दौलताबादच्या किल्ल्याखालच्या दरवाजातून एसटी पुढं सरकत होती तेव्हा आरती खिडकीतून मान काढून वर बघत होती. "मामा, इथून खाली माणसं ढकलायचे का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "लढाया झाल्यात इथं." ती म्हणाली, "मंग ढकलतच असतील." तिच्या मांडीवर सहावीचं दप्तर होतं. महिनाभर ते आमच्या फ्रिजवर पडून राहिलं. सकाळी शाळेच्या रिक्षा जायच्या त्या वेळेला ती जुईला घेऊन खिडकीत उभी राहायची. एकदा मला म्हणाली, "माझं नाव पटावरून काढलं असंल का, मामा?" मी म्हटलं, "नाही गं." मला माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं तर वैशाली जुईला ट्यूबलाइटखाली धरून उभी होती. जुईच्या गालावर वळ होते. मोठ्या माणसाच्या हाताचे वळ लांब असतात. हे आखूड होते, एकमेकांना चिकटलेले.

"कुणी मारलं हिला?"

"मी," आरती म्हणाली.

"का?"

"सकाळधरनं रडतीया. दूध पाजलं, झोका दिला, कडंवर घेऊन फिरले. गप्पच बसंना, मामी. माझा हातच भरून आला."

वैशालीचा हात वर गेला. आरती मागं सरली नाही. तिनं दोन्ही हात कानांवर घेतले, कोपरं पोटाशी आणली आणि मान खाली घातली. हे तिला कुणी शिकवलं असेल, या प्रश्नाला माझ्याकडं एकच उत्तर होतं आणि ते मला नको होतं. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. वैशालीचा हात दाराच्या चौकटीवर आदळला, बांगड्या फुटल्या, मनगटावर रक्ताची रेघ आली. मग त्या तिघी रडत राहिल्या, तिघी तीन कोपऱ्यांत. मी चहा ठेवला.

"उद्यापासून मी घरी बसते," वैशाली म्हणाली. तिच्या घरातही पगारावर जाणारी ती पहिलीच बाई आहे.

वस्तीत तेव्हा एक बातमी फिरत होती. सरकारनं काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडायचं ठरवलं होतं, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, संध्याकाळपर्यंत उघडं. त्यात आमच्या वस्तीचं नाव होतं. आमची अंगणवाडी शमीम आपा चालवतात. तिशीतल्या अर्ध्या वस्तीनं त्यांच्या हातची खिचडी खाल्लेली आहे. पण त्यांची खोली लहान. पाळणाघरासाठी मंजूर झालेली खोली वस्तीच्या सभागृहाच्या मागं होती, आणि तिथं मंडळाच्या पोरांचे ढोल आणि कॅरम होता. कागदावर सही झाली होती. किल्ली मात्र पोरं देत नव्हती.

आपांनी शेवटी कुलूप तोडवलं, ढोल बाहेर काढून नीट ओळीनं मांडले आणि पाळणे आत लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी पाळणे उचलून गटारीत फेकले. एकानं पाळण्याची गादी पायानं चिखलात दाबली. पोरांची चूक एवढीच झाली, की त्यांनी टँकरचा दिवस निवडला. आमच्याकडं पाणी दिवसांच्या अंतरानं येतं. टँकर म्हटला की वस्तीतली एकूण एक बाई रस्त्यावर, आणि प्रत्येकीच्या हातात काहीतरी धातूचं.

आपा गटारीच्या काठावर उभ्या राहून ओरडल्या, "पानी नक्को आज! पैले कमरा!"

रांग मोडली. टँकरवाला नळी धरून उभाच राहिला, पाणी रस्त्यानं वाहून गेलं आणि कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही. मी गॅलरीतून खाली येईपर्यंत एकीनं रिकामी कळशी एका पोराच्या पाठीत घातली होती. दुसरीनं बादलीची कडी त्याच्या सदऱ्यात अडकवून त्याला ओढत आणलं होतं. "तुझ्या बहिणीचं लेकरू कुठं ठेवती रं ती? ढोलात?" एक म्हातारी ओरडत होती. वैशाली कॅरम बोर्ड दोन्ही हातांनी डोक्यावर धरून आली आणि तिनं तो रस्त्यावर आपटला. सोंगट्या टँकरच्या पाण्यात घरंगळत गेल्या. एका पोराच्या कपाळातून रक्त येत होतं. आपांनी त्याला कॉलरला धरून खाली बसवलं, स्वतःच्या ओढणीनं जखम दाबली आणि म्हणाल्या, "मेरे हाथ का खाके बडा हुआ, और मेरेच बच्चोंके पालने फेकता? बैठ. हिल नक्को. टाके पडेंगे."

दवाखान्यात त्याला त्याच घेऊन गेल्या. पाळणे त्याच्या मित्रांनी धुतले.

मी हिंसेचं कौतुक करणारा माणूस नाही. माझ्या भुवईनं मला ते शिकवलंय. पण त्या सकाळी पहिल्यांदाच मी मार वरच्या दिशेनं जाताना पाहिला, आणि मला खोटं बोलायचं नाही, माझा ऊर भरून आला.

आता जुई सकाळी पाळणाघरात जाते. सुरुवातीला रडली, मग रांगायला शिकली. वैशाली कामावर आहे. ज्या जागी एका अकरा वर्षांच्या मुलीची कंबर लागत होती, तिथं आता एक खोली आहे, दोन बायका आहेत, दुपारची झोप आहे, उकडलेलं अंडं आहे. हे सरकारनं केलं आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. सरकारला नावं ठेवणं सोपं असतं. माझी शाळा, माझी शिष्यवृत्ती, माझ्या पोटातली इंजेक्शनं, सगळं सरकारीच होतं.

पण पाळणाघर वैशालीची सुट्टी व्हायच्या आधी बंद होतं. आपा जुईला घेऊन पायरीवर बसून राहतात. वैशाली धावत येते, माफी मागते. आपा म्हणतात, "आराम से आ बेटा, मैं कायको भागूँगी?" त्यांचा दिवस दुप्पट झाला, मानधन तसं झालं नाही. म्हणून परवा त्या अंगणवाडीसेविकांच्या मोर्चात गेल्या आणि आवाज बसवून आल्या. पाळणाघराला त्या दिवशी कुलूप होतं. शेजारच्या बाई जिन्यात म्हणाल्या, "आत्ता कुठं सुरू झालं, अन् लगेच ह्यांचे मोर्चे." वैशाली जुईला कडेवर घेऊन तिथंच उभी होती, रजा पडलेली. "एक दिवस पंधरा पोरं सांभाळून बघा, काकू," ती म्हणाली, "मग बोला." आईबापांचं ओझं उतरलं की ते हवेत जात नाही. कुणाच्या तरी खांद्यावर जातं. ते आता निदान मोर्चा काढू शकणाऱ्या बाईच्या खांद्यावर आहे. अक्काला कुठला मोर्चा काढता आला असता?

जुईची सोय लागली, तेव्हा आरतीला परत पाठवायला हवं होतं. मी गावाकडं आईला फोन केला.

"सरकारी पाळणाघरात? ढेकणं खातील लेकराला," आई म्हणाली. "अन् आरती माघारी येऊन काय करंल? सोनूलाच बघंल की. त्यापरीस तुझ्याकडं दोन घास बरं खाईल."

सोनू अक्काचा धाकटा, तीन वर्षांचा. त्यांच्या गावची अंगणवाडी अजून दुपारी, खिचडी झाली की बंद होते. अक्का आणि दाजी दोघं वेचणीला. मी फोन ठेवला आणि मला कळलं, की आरतीला मी शाळेत नाही, सोनूच्या दुपारीत पाठवत होतो.

वैशाली जुईचे लंगोट घडी करत होती. मान वर न करता म्हणाली, "मग सोनूला इकडं आण."

"काय?"

"आपांना विचारलंय मी. सहा वर्षांपर्यंतची घेतात. आरती नको, सोनू दे म्हणा अक्कांना. वेचणी होईपर्यंत."

आरती दारात उभी होती. तिनं फ्रिजवरचं दप्तर काढून घेतलं, त्यावरची धूळ झटकली आणि जमिनीवर बसून एकेक पुस्तक उघडून बघायला लागली, सगळी पानं जागेवर आहेत का ते.

फोनवर हे बोलता येणार नव्हतं. अक्काच्या गावचा पोस्टमन शेतात येऊन हातात पत्र देतो. अक्का ओठ हलवत, सावकाश, पण वाचते. म्हणून बऱ्याच वर्षांनी मी पत्र लिहिलं. ते असं:

ती. सुमनअक्कास,

साष्टांग नमस्कार. आरती चांगली आहे. तिच्या हातून इथं काही चूक झाली असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, चूक आमची होती, तिला आणलं ही.

मी तिला शनिवारी घेऊन येतो. मुख्याध्यापकांशी बोललो आहे. तिचं नाव पटावर आहे. सोमवारपासून ती वर्गात बसेल आणि घंटा होईपर्यंत बसेल. मधल्या सुट्टीत तिला कुणी बोलवायचं नाही, आपल्या आईनंसुद्धा नाही.

सोनूला माझ्याकडं दे. तुमची वेचणी होईपर्यंत तो इथं जुईबरोबर पाळणाघरात जाईल, आमच्याजवळ झोपेल. दोन दिवस रडेल, माहीत आहे. आपा म्हणून बाई आहेत, त्यांनी लई रडकी पोरं पाहिली आहेत. दर रविवारी मी त्याला तुला भेटवून आणीन. त्याचं आधार कार्ड आणि लशीचा कागद काढून ठेव. नोंदीला लागतात. आणि जानेवारीत ग्रामसभा असते. तुमच्या अंगणवाडीची वेळ वाढवा म्हणून तिथं उभी राहून सांग. मी लिहून देणार नाही, तू तोंडानं सांग. तुझ्याएवढं ते कुणाला माहीत नाही.

दाजी चिडतील. माझ्यावर चिडू देत. तुझ्यावर किंवा आरतीवर हात उचलला, तर मी पाव्हणा म्हणून येणार नाही, एवढं त्यांना सांग. नाहीतर सांगू नकोस, मी येऊन सांगतो.

आणखी एक. सोनू गाण्यानं झोपत नाही, असं आरती म्हणते. तू त्याच्या पाठीवर हळूहळू थापटत राहतेस, मग झोपतो. मी जुईवर करून पाहिलं, ती जागीच झाली. माझा हात जड पडतो. कसं थापटायचं, ते शनिवारी दाखव.

तुझा,
बाळू